फाउल लाइनपाशी शेवटचे पाऊल एकाच ठिकाणी का थांबत नाही?

अर्धेपाऊल:
नमस्कार. मी उजव्या हाताने आणि पाच पावलांच्या अप्रोचने (चेंडू सोडण्यापूर्वीच्या चालीने) टेनपिन बॉलिंग करतो, म्हणजे लेनवरून चेंडू घरंगळवून दहा पिन पाडण्याचा खेळ. नियमित खेळू लागल्याला सुमारे दीड वर्ष झाले. माझी अडचण फाउल लाइनपाशी, म्हणजे लेन जिथे सुरू होते त्या न ओलांडायच्या रेषेपाशी, थांबण्याची आहे. डावा पाय कधी रेषेच्या जवळजवळ फूटभर अलीकडेच अडकल्यासारखा थांबतो, तर कधी इतका पुढे सरकतो की फाउलचा दिवा लागतो. मागच्या आठवड्यात एकटी उरलेली दहा क्रमांकाची (मागच्या रांगेतली उजव्या टोकाची) पिन पाडताना दोनदा फाउल झाला. त्यांपैकी एकदा पिन पडलीही होती, पण अर्थातच तिचा गुण मिळाला नाही. उपाय म्हणून मी उभे राहण्याची जागा सहा इंच मागे नेली. पाच-सहा फेकी बऱ्या गेल्या आणि नंतर पुन्हा तेच सुरू झाले. आता तर चालताना नजर लेनवर नेमासाठी आखलेल्या बाणांवर राहण्याऐवजी रेषेकडे जाऊ लागली आहे. शेवटच्या पावलात नेमके काय सुधारावे, आणि सरकण्याऐवजी पाय सरळ रोवून थांबणे अधिक भरवशाचे आहे का, यावर जाणकारांनी सांगावे.

दहावी_पिन:
उभे राहण्याची जागा बदलण्याचा उपाय तेव्हाच लागू पडतो, जेव्हा तुम्ही दर वेळी एकाच बाजूला चुकता. कायम रेषेच्या पुढे जात असाल तर सहा इंच मागे उभे राहिल्याने प्रश्न सुटेल; पण तुमचा पाय कधी फूटभर मागे आणि कधी रेषेवर थांबतो, म्हणजे जागा बरोबर असून पावलांची लांबी दर वेळी बदलते आहे. म्हणून आधी मोजा. वीस फेकी टाका आणि प्रत्येक फेकीनंतर पाय न हलवता, डाव्या बुटाचे टोक रेषेपासून किती इंचांवर आहे आणि कोणत्या बोर्डावर (जमिनीतल्या उजवीकडून मोजायच्या अरुंद लांब पट्टीवर) आहे, हे दोन्ही लिहून ठेवा. रेषेच्या अलीकडे दोन ते सहा इंच हा चांगला पल्ला आहे. त्याहून खूप मागे थांबलात तर चेंडू लेनऐवजी अप्रोचवरच (रेषेच्या अलीकडच्या चालण्याच्या जागेवरच) टेकण्याची किंवा तो उगाच पुढे भिरकावला जाण्याची शक्यता वाढते.

आता कारणाकडे. शेवटचे पाऊल बिघडलेले दिसते, पण ते बहुधा त्याच्या आधीच्या पावलात, म्हणजे तुमच्या बाबतीत उजव्या पायाच्या चौथ्या पावलात बिघडलेले असते. हे पाऊल आखूड आणि चपळ हवे. त्यातच गुडघा वाकतो, शरीर खाली येते आणि उजवा पाय जमिनीला रेटा देऊन तुम्हाला पाचव्या, लांब पावलात ढकलतो. चौथे पाऊल लांबले की कंबर मागे राहते, रेटा मिळत नाही, डाव्या पायाची टाच आधी टेकते आणि सरकणे तिथेच खुंटते. उलट सगळी चाल घाईची झाली की प्रत्येक पाऊल दोन-तीन इंचांनी वाढते आणि पाच पावलांत मिळून तुम्ही फूटभर पुढे जाता. दहा क्रमांकाच्या पिनवर फाउल होण्याचे कारणही मला हेच वाटते. त्या पिनसाठी आपण चेंडू सरळ जावा म्हणून जोरात टाकतो, आणि हाताला हवा असलेला जोर नकळत पायांत उतरतो. वेग वाढवायचाच असेल तर सुरुवातीला चेंडू थोडा उंच धरा, म्हणजे झोका लांब होईल. पावलांची लय मात्र तीच राहू द्या.

चवडा_टाच:
पाय रोवण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. काही ताकदवान खेळाडू पाय रोवून चेंडू सोडतात हे खरे आहे, परंतु पूर्ण वेगात आलेले शरीर आणि हातातला पंधरा-सोळा पौंडांचा चेंडू एका क्षणात थांबवण्याचा भार त्या वेळी वाकलेल्या एका गुडघ्यावर येतो. सरकण्यामुळे तोच भार थोड्या अंतरावर विभागला जातो. शिवाय रोवलेल्या पायामुळे खांदा पुढे फेकला जातो आणि चेंडू आतल्या बाजूला ओढला जातो. मी स्वतः एक हंगाम रोवून खेळून पाहिले आणि गुडघ्याने तक्रार केल्यावर सोडून दिले.

तुम्ही बुटांविषयी काहीच लिहिलेले नाही, म्हणून विचारतो: बूट स्वतःचे आहेत की भाड्याचे? भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळ सहसा सारखेच गुळगुळीत असतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या स्वतःच्या बुटांत डाव्या पायाचा तळ सरकणारा आणि टाच रबरी असते, तर उजव्या बुटाचा तळ पकड घेणारा असतो. कारण चौथ्या पावलात रेटा द्यायचा तर उजवा पाय निसटून चालत नाही. सुटे तळ असलेल्या बुटांत तळांवर क्रमांक असतात, आणि सहसा क्रमांक जितका मोठा तितके सरकणे अधिक. टाच हा ब्रेक आहे. पाय चवड्यावर टेकून सरकला पाहिजे आणि टाच अगदी शेवटी खाली आली पाहिजे. ती आधी आली तर कोणताही तळ तुम्हाला वाचवणार नाही.

तळाला लागलेला पाण्याचा एक थेंबही पाय जागच्या जागी अडकवायला पुरेसा असतो, त्यामुळे बसण्याच्या जागेतून उठून अप्रोचवर जाण्यापूर्वी तळावरून हात फिरवण्याची सवय लावा आणि बाहेर जाताना बुटांवर आवरण घाला. खेळ सुरू होण्यापूर्वी चेंडू न घेता, सावकाश, दोन-तीनदा सरकून पाहा. मात्र पाय अडकतो म्हणून तळाला पावडर लावू नका. ती अप्रोचवर सांडते, पुढच्या खेळाडूचा पाय निसटतो, आणि नियमांनाही ते मान्य नाही.

डावखुरा:
मी डाव्या हाताने खेळतो, तेव्हा माझे म्हणणे तुमच्यासाठी उजवे-डावे बदलून लिहितो. वरील दोघांनी पुढच्या पायाविषयी सांगितले, पण मागच्या पायाविषयी कोणी बोलले नाही. तुमचे फाउल चेंडू सुटण्यापूर्वी होतात की सुटल्यानंतर? माझे जवळजवळ सगळे नंतर होत असत: सरकणारा पाय रेषेच्या चार इंच मागे नीट थांबे, पण तोल पुढे गेल्याने मागचा पाय सावरण्यासाठी पुढे येई आणि रेषेपलीकडे टेके. नियमात फरक नाही. चेंडू टाकताना किंवा टाकल्यानंतर शरीराचा कोणताही भाग रेषेवर किंवा पलीकडे जाऊन लेनला, यंत्रसामग्रीला वा भिंतीला लागला की फाउल. तोल सावरायला टेकवलेला हातही त्यात आला. ती फेक मोजली जाते, पडलेल्या पिन मात्र मोजल्या जात नाहीत. (फ्रेममधल्या, म्हणजे दोन चेंडूंच्या एका डावातल्या, पहिल्याच चेंडूला फाउल झाला तर दहाही पिन पुन्हा उभ्या केल्या जातात आणि दुसऱ्या चेंडूने त्या सगळ्या पाडल्या तर स्पेअर (दोन चेंडूंत सर्व पिन पाडल्याची नोंद) मिळतो, एवढाच काय तो दिलासा.)

मागचा उजवा पाय हवेत उचलण्याऐवजी जमिनीलगत ठेवून मागून डावीकडे वळवा. त्यामुळे उजवी कंबर बाजूला होते, हाताला घोट्याजवळून जायला वाट मिळते आणि पायाचे वजन दुसऱ्या बाजूला जाऊन तोल राखते. सरावासाठी चेंडू सोडल्यावर तो पिनांपर्यंत पोहोचेपर्यंत त्याच स्थितीत स्थिर उभे राहा. हे ऐकायला सोपे आहे. मला पहिल्या दिवशी दहापैकी तीनदाच जमले.

अर्धेपाऊल:
आपणा सर्वांचे आभार. बूट स्वतःचे आहेत आणि तळ कोरडे होते. वीस फेकी मोजल्यावर सर्वांत मागची नोंद तेरा इंच निघाली आणि दोन वेळा बूट रेषेवर होता. हे दोन्ही फाउल चेंडू सुटण्यापूर्वीचे होते, म्हणजे मागच्या पायाचा दोष निदान त्यांत तरी नाही. मग एक संपूर्ण सत्र गुण न मोजता, चौथे पाऊल आखूड ठेवण्याकडेच लक्ष दिले. त्यासाठी मी चालताना मनात पावले मोजू लागलो आणि चौथा आकडा मुद्दाम झटकन म्हणू लागलो. शेवटच्या वीस फेकींत पाय दोन ते सात इंचांच्या आत थांबला. मात्र दुसऱ्या नोंदीने वेगळीच गोष्ट उघड केली: मी विसाव्या बोर्डावरून निघतो आणि थांबताना कधी बावीस, तर कधी सव्विसाव्या बोर्डावर असतो. हे आधीपासूनच होत असणार, मी पाहिले नव्हते इतकेच.

दहावी_पिन:
अंतर इतक्या लवकर आटोक्यात आले हे उत्तम. डावीकडे सरकत जाणे हा स्वतःहून दोष नाही. दर वेळी दोनच बोर्ड सरकत असाल तर त्या हिशेबाने उभे राहता येते. दोन आणि सहा यांतला फरक मात्र महागात पडतो, कारण चेंडू घोट्यापासून साधारण सहा-सात बोर्ड उजवीकडे टेकतो आणि पाय चार बोर्ड हलला की चेंडू टेकण्याची जागाही चार बोर्ड हलते. मग दुसऱ्या बाणावरून गेलेला चेंडूही वेगळ्या कोनातून पिनांपर्यंत जातो. कोणाला तरी चित्रीकरण करायला सांगा आणि कॅमेरा अप्रोचच्या मागे, तुमच्या सरळ रेषेत, खाली ठेवायला लावा. बाजूने काढलेल्या चित्रात सरकण्याची लांबी छान दिसते, पण कोणत्या पावलात तुम्ही डावीकडे गेलात हे त्यात दिसत नाही.