फ्लोरिडा २०००: ५३७ मतांचा घोळ नक्की काय होता?

पेठेतला_पंपू: मंडळी एक शंका. अमेरिकेच्या २००० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत डेमोक्रॅट अल गोरला देशभरात रिपब्लिकन बुशपेक्षा पाचेक लाख मतं जास्त, तरी बुश जिंकला. राष्ट्राध्यक्ष राज्याराज्यांच्या इलेक्टोरल मतांवर ठरतो, आणि फ्लोरिडाची २५ ज्याला मिळाली तो जिंकला, इथपर्यंत कळलं. पण साठेक लाख मतांत फरक फक्त ५३७?? मग सरळ परत मोजायची ना!

खवट_काका: मोजली की, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असला की तिथे कायद्यानेच मशीनवर फेरमोजणी होते, त्यात १७८४ ची आघाडी धाडकन काही शेकड्यांवर आली. खरा राडा पंचकार्डांचा. टोकदार काडीने भोक पाडायचं, कागदाचा कपटा निघून पडला तरच मशीनला मत दिसणार. कपटा एका कोपऱ्याला लोंबकळतोय, किंवा नुसताच खड्डा पडलाय, तर मत धरायचं का? प्रत्येक काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) निकष वेगळा. ब्रॉवर्डचे जजसाहेब भिंगातून डोळे वटारून कार्ड बघतायत तो फोटो नक्की शोधा.

निशाचर: काका, पाम बीच काउंटी राहिली. तिथे मतपत्रिकेवर नावं दोन्ही पानांवर आणि भोकं मधे एकाच रांगेत. डावीकडे बुश पहिला, गोर दुसरा, पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्यूकॅननचं (तिसऱ्या पक्षाचा कट्टर उजवा उमेदवार), गोरचं तिसरं!! ज्यू म्हाताऱ्यांचा भरणा असलेल्या त्या काउंटीत ब्यूकॅननला ३,४०७ मतं, त्याने स्वतः टीव्हीवर कबूल केलं की यातली बरीचशी गोरची असणार. म्हाताऱ्यांना नीट वाचता यावं म्हणून अक्षर मोठं करायला गेले आणि हे होऊन बसलं. ज्यांनी गोंधळून दोन भोकं पाडली त्यांचं मत बाद. माझ्या मते गोर तिथेच हरला, सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबरला ५-४ ने फेरमोजणी थांबवली ते नंतरचं.

खवट_काका: आणि ग्रीन पक्षाच्या नेडरने फ्लोरिडात ९७ हजार मतं खाल्ली ती? शिवाय फ्लोरिडाचा गव्हर्नर म्हणजे बुशचा सख्खा भाऊ, निकालावर सही करणाऱ्या कॅथरीन हॅरिस बुशच्याच प्रचारात. काय बोलणार.

पेठेतला_पंपू: बापरे. पण गोरने हाताने मोजणी चारच काउंट्यांत का मागितली?

निशाचर: कायद्याने काउंटीगणिकच मागावी लागायची, मग आपल्या बालेकिल्ल्यांत मागितली. नंतर अख्ख्या राज्याची तयारी दाखवली तर बुश नाही म्हणाला. गंमत म्हणजे २००१ मध्ये वर्तमानपत्रांनी ती कार्डं तपासून घेतली, तर त्या चार काउंट्यांच्या हिशोबात बुशच पुढे, आणि राज्यभरातली सगळी बाद मतं धरली तर गोर किंचित पुढे.