लॉर्ड रेव्हलस्टोक म्हणे इभ्रतीचा बँकर!

ठेवीदार_सोलापूर: परवा इथेच कुणीतरी लिहिलं, "रेव्हलस्टोक बुडाला, पण इभ्रत राखून बुडाला." वाचून डोकं फिरलं. एडवर्ड बेअरिंगला १८८५ मध्ये लॉर्ड रेव्हलस्टोक केलं आणि पाच वर्षांत त्याची लंडनची बँकिंग पेढी, बेअरिंग ब्रदर्स, गाळात! ब्यूनस आयर्सच्या पाणी-गटार कंपनीचे शेअर खपेनात, ते ह्यांच्याच गळ्यात. मग बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर लिडरडेल, त्यानं लंडनच्या बँकांकडून १ कोटी ७० लाख पौंडांच्या घरात हमी उभी केली. आमची सहकारी बँक बुडाली तेव्हा कोण धावलं? वडील दर सोमवारी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून जायचे, शटरवर चिकटवलेला कागद वाचायचे नि परत यायचे. चार वर्षं.

जुनी_पेढी: ते लिहिणारा मीच. वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण रागाच्या भरात हिशेब चुकवू नका. हमीदारांना खिशात हात घालावा लागला नाही. बेअरिंग भागीदारीची पेढी होती, नुकसान भागीदारांच्या घरादारावर. डेव्हनमधली मेम्ब्लंडची इस्टेट गेली. तुमच्या संचालकांनी स्कूटर तरी विकली का?

ठेवीदार_सोलापूर: आणि लॉर्डकी? ती विकली? मुलगा जॉन पुढे त्याच पदवीनिशी नव्या लिमिटेड कंपनीचा कारभारी! पडले तरी गादीवरच.

बडोदेकर: बेअरिंगांची इभ्रत आम्हाला नका सांगू. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक ह्याच घराण्यातला. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं ते त्यानं. बडोद्यातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर, त्याच्यावरच्या विषप्रयोगाच्या चौकशीत तीन गोरे एकीकडे. शिंदे, जयपूरचे महाराज, दिनकरराव दुसरीकडे. आरोप सिद्ध झालाच नाही!

जुनी_पेढी: झालं, निघाली बडोद्याची वरात. मल्हारराव काय धुतल्या तांदळासारखे होते? सोन्याच्या तोफा ओतल्या कुणी?

बडोदेकर: तोफा काढल्यात ना? त्यांच्या आधीच्या खंडेरावांनी चांदीच्या ओतल्या तेव्हा रेसिडेंटाच्या पोटात दुखलं नाही! गैरकारभार हे नंतर शोधलेलं कारण. आमच्या आजोबांसमोर नॉर्थब्रुकचं नाव काढलं की ते पानावरून उठायचे.

सदाशिवपेठी: उठायचे, पण जेवण झाल्यावरच ना? बरं, मल्हारराव गेले म्हणून कवळाण्याचे सयाजीराव आले, आणि त्यांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. म्हणजे नॉर्थब्रुकचे आभारच माना.

बडोदेकर: पुणेकरांनी इतिहास सांगावा आणि आम्ही मुकाट ऐकावा, असा काही ठराव झालाय का?

ठेवीदार_सोलापूर: अहो, धागा बँकेचा होता! असो. मेम्ब्लंड विकलं हे मान्य, जुनी_पेढी, घ्या तुमचा एक गुण. आमच्या अध्यक्षांचा बंगला मात्र उभा आहे. दिवाळीत वरचा मजला चढला.