निनावी कबुल्यांचा लघुपट: आवाज खरा ठेवावा की नटाचा?

चिरेबंदी: मालवण-देवबाग पट्ट्यातल्या मच्छीमारांच्या निनावी कबुल्यांवर पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा, चेहरा एकही दाखवायचा नाही, पडद्यावर फक्त बंदर, जाळी, हात आणि वरून आवाज, अशी कल्पना धरून बोलूया. माझं ठाम मत, आवाज कबुली देणाऱ्याचाच हवा. 1 जून ते 31 जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत होडी घातली हे सांगताना माणूस जिथे अडतो, ती जागा नटाला सापडत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि नंतर पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, चार सेमीटोन (अर्धस्वर) खाली. ओळख राहत नाही.

खाडीपलीकडे: राहते. चार सेमीटोन खाली नेलेला आवाज तेवढाच वर चढवला की मूळ आवाजाच्या अगदी जवळ पोचतो, आणि ते करणारं ॲप फोनवर फुकट मिळतं. शिवाय पिच बदलली तरी बोलण्याची लय, लकब आणि खोकला बदलत नाही. वाडीत माणूस तेवढ्यावरून ओळखला जातो. मागे बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर किंवा लिलावाची आरोळी आली की बंदरही कळलं. चित्रात तेच: होडीवरचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक फोकसबाहेर ठेवाल, पण रंगाचे पट्टे? हातावरचं गोंदण? जाळं विणणारे हात दुसऱ्याच गावातले घ्या.

माझ्या मते, ऐकून शब्दशः उतरवा, थांबे सेकंदांत लिहा, ओळखीचे तपशील बदला, सांगणाऱ्याला वाचून दाखवा आणि मूळ फाइल पुसा. नुसतं क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यातून फाइल परत काढता येते. कार्ड दुसऱ्या रेकॉर्डिंगने काठोकाठ भरा. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर क्लाउड बॅकअप आधी बंद.

चिरेबंदी: आणि मग ते शहरी नटाच्या पाठ केलेल्या मालवणीत ऐकायचं? ‘माका’ म्हणताना त्याची जीभ अडखळते, आणि इथल्या प्रेक्षकाचा पहिल्याच वाक्याला विश्वास उडतो.

रातीचो खेळ: दशावतारी कलाकार घ्या. लिखित संहितेशिवाय संवाद बोलायची त्यांना सवय असते, त्यामुळे कागदाचा वास येत नाही. अडचण एकच, त्यांचा आवाज देवळासमोरच्या मोकळ्या जागेसाठी घडलेला असतो. माइक जवळ आणा, जमिनीवर बसवा, समोर एकच माणूस ठेवा, आवाज आपोआप उतरतो. मूळ रेकॉर्डिंग मात्र ऐकवू नका, नाहीतर लकबीची हुबेहूब नक्कल होईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. कलाकार दुसऱ्या तालुक्यातला, वय साधारण तेच.

कायद्याची बाजू: ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊच नका. कबुलीत लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हे माइक लावण्याआधी सांगायचं, नंतर नव्हे. संकलन पक्कं होईपर्यंत कबुली मागे घेण्याची मुभाही ठेवा, नावाऐवजी क्रमांकाची चिठ्ठी देऊन.

चिरेबंदी: हे मान्य. पण नटाचे शब्द घेतले तरी श्वास आणि शांतता मूळ माणसाचीच ठेवावी, एवढं तरी?

खाडीपलीकडे: श्वास चालेल, त्यात शब्दाचा तुकडाही नसेल तर. पण देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. लाटांचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्टीत पसरलेला, 80 हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर, लावला तर फक्त वाऱ्याची घरघर जाते. त्या लाटांसकट श्वास नटाच्या वाक्यांमध्ये जोडलात की प्रत्येक सांधा ऐकू येईल. सांगणारा आणि नट, दोघांचंही रेकॉर्डिंग चिऱ्याच्या घरात, माजघरात करा, पंखा बंद, खिडकीवर गोधडी. त्याच जागेची मिनिटभर नुसती शांतता वेगळी घेऊन ती सगळ्याखाली अंथरा.