टोकारेव्ह नको, सीझेड ८२ बघा

वर एकांनी अमेरिकेत रोज कपड्यांखाली बाळगायला स्वस्त लष्करी पिस्तूल म्हणून टोकारेव्ह, म्हणजे जुनं सोव्हिएत पिस्तूल टीटी-३३, सुचवलंय. मला नाही पटत. मूळ टीटी-३३ ला हाताने लावायची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळच नव्हती. अमेरिकेत आयात होणाऱ्यांना ती मागाहून बसवतात, आणि डबल अ‍ॅक्शनही नाही, म्हणजे घोडा आधी न ओढता नुसता ट्रिगर दाबून पहिली गोळी झाडता येत नाही. त्यापेक्षा पूर्वीच्या चेकोस्लोव्हाक सैन्याचं सीझेड ८२ बघा. गोळी मकारोव्ह या सोव्हिएत पिस्तुलाचीच, ९ बाय १८ मिमी, पण मॅगझिनमध्ये मकारोव्हच्या ८ ऐवजी १२ मावतात, शिवाय सेफ्टी डावखुऱ्यांनाही सोयीची. वजन मात्र रिकाम्याचंच पाऊण किलोच्या वर, तेव्हा पट्टा जाड हवा. पोलिश पी-६४ आटोपशीर आहे खरं, पण पहिल्या गोळीचा ट्रिगर भलताच जड! कुठलंही घ्या, जुनी रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर मागे गेलेला वरचा भाग परत पुढे आणणारी) आधी बदला.