मदत हवी आहे : कोलेस्टेरॉल आणि फॅटी लिव्हरसाठी सालीची पूड, प्रमाण किती?

सांजपाखरू
बाबांचा रिपोर्ट गेल्या महिन्यात आला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. आत्याने फळाची साल वाळवून दळलेली पूड पाठवली, तेव्हापासून रोज सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा घेतायत. लिव्हर, हृदय, किडनी तिन्हींना गुण येतो असं आत्या ठामपणे सांगते. आता दोन चमचे करायचे का? आणि फरक कधी दिसतो? नुसतं 'डॉक्टरांना विचारा' लिहायचं असेल तर नका लिहू, आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत.

संत्राबागवाला
दोन चमचे बिनधास्त द्या. आमच्या वरूडकडं साल कोणी फेकत नाही. माझे काका वर्षानुवर्षं घेतात, आजही बागेत चालत जातात.

औषधपेढी
ताई, तीन गोष्टी सांगा. साल कोणत्या फळाची? बाबांना कोणत्या गोळ्या चालू आहेत? एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीचा आकडा) किती आहे?

मोगरा_सायली
संत्र्याची साल दुधात कालवून चेहऱ्याला लावते मी. वांग बरेच फिके झाले. नक्की करून बघा.

सांजपाखरू
साल लिंबूवर्गातलीच आहे. गोळ्या बीपीची एक आणि रात्रीची एक. एसजीपीटी ५८. पण माझा प्रश्न प्रमाणाचा आहे.

रसायनवेडी
सालीत काहीच नाही असं मी म्हणणार नाही. संत्र्याच्या सालीत नोबिलेटिन, टँजरेटिन, हेस्पेरिडिन ही द्रव्यं असतात. २००४ साली हॅमस्टरना खाद्यातून १ टक्का नोबिलेटिन-टँजरेटिनसारखी द्रव्यं दिली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल ३२ ते ४० टक्के उतरलं. २०११ मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत उंदरांना चरबीच्या खाद्याबरोबर नोबिलेटिन दिलं, तर लिव्हरमध्ये चरबी साठणं आणि रक्तवाहिन्यांत थर जमणं दोन्ही रोखलं गेलं. मात्र तिथे शुद्ध द्रव्य मोजून दिलं होतं. माणसांवरची २०१० ची चाचणी वाचा: रोज ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन किंवा ५०० मिलिग्रॅम नॅरिंजिन (हेही लिंबूवर्गातलंच द्रव्य), ४ आठवडे. कोलेस्टेरॉल हललं नाही.

संत्राबागवाला
४ आठवड्यांत काय कळणार? चीनमध्ये ग्वांगडोंगच्या शिन्हुई भागात संत्र्याची साल वर्षानुवर्षं मुरवून औषधात वापरतात. सगळं प्रयोगशाळेतच सिद्ध व्हायला हवं का?

रसायनवेडी
तिथे ती मुख्यतः पचनासाठी आणि कफासाठी वापरतात, दादा. इथे प्रश्न एलडीएलचा आहे. सालीतल्या पेक्टिनबद्दल (विरघळणारा तंतू) बोलायचं तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला रोज ६ ग्रॅमचा आकडा मान्य केला. चमचाभर पुडीत एखाद-दीड ग्रॅम निघेल.

काथ्याकूट
एलडीएल १७२ असेल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघितलंय का? थायरॉइड मंद असलं की कोलेस्टेरॉल चढतं, आणि मग लोक आहारालाच दोष देत बसतात. आमच्या घरात असंच निघालं.
अवांतर: संत्रावाले, यंदा मृग बहाराला भाव काय मिळाला?

औषधपेढी
भाव नंतर. ताई, फळाचं आणि रात्रीच्या गोळीचं नाव सांगा. त्याशिवाय प्रमाण सांगता येणार नाही.

सांजपाखरू
आत्याला फोन केला. परसातल्या पपनसाची साल आहे, तिच्याकडे संत्री कुठली! रात्रीची गोळी अटॉर्व्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन गटातली), याच रिपोर्टनंतर सुरू झाली. बाबांच्या पोटऱ्या आणि मांड्या आठवडाभर दुखतायत, पण ते रोज चालायला जातात, त्यानेच असेल.

औषधपेढी
पूड आजच बंद करा. पपनस ग्रेपफ्रूटच्या नात्यातलं. दोघांत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, सालीत गरापेक्षा जास्त. अटॉर्व्हास्टॅटिनचा काही भाग आतड्यातच मोडून टाकणारं एन्झाइम ती निकामी करतात, मग तीच गोळी रक्तात जास्त उतरते. एन्झाइम पुन्हा तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पूड सकाळी आणि गोळी रात्री हा उपाय चालत नाही. हे नवं नाही: १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटाने फेलोडिपिन या बीपीच्या गोळीच्या चाचणीत दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस दिला आणि गोळीची रक्तातली पातळी भलतीच चढली.

स्टॅटिन चालू असताना स्नायू दुखणं अंगावर काढू नका. तुमचे डॉक्टर परत येण्याची वाट न बघता दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, सीपीके (स्नायूंची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) तपासा. स्नायू फार मोडले तर त्याचा भार किडनीवर येतो. लघवी गडद चहाच्या रंगाची होत असेल तर थेट इस्पितळ गाठा.

संत्राबागवाला
पपनस आहे हे आधी सांगायचं ना! पण मग संत्र्याची साल तरी चालेल की.

रसायनवेडी
संत्र्यात ही द्रव्यं जवळपास नसतात, त्यामुळे तो धोका नाही. पण फवारणीचं औषध सालीवरच जास्त राहतं, आणि माणसांवरच्या त्या चाचणीत गुण दिसला नाही हेही खरंच. गोळीच्या जागी नकोच.

सांजपाखरू
लघवीचा रंग नेहमीसारखा आहे. पूड बंद केली. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो: सीपीके वाढलेलं, क्रिएटिनिन ठीक. गोळी तूर्त थांबवलीय, पाणी भरपूर प्यायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त. टीएसएचही त्यातच टाकलंय. औषधपेढी, मनापासून आभार. आत्याकडे बरणीभर पूड उरलीय.

मोगरा_सायली
मग चेहऱ्याला वापरा, वाया कशाला घालवता?

रसायनवेडी
पपनसाची तर अजिबात नको. तीच फ्युरानोकुमारिन कातडीवर असताना ऊन लागलं तर चट्टे उठतात, फोडही येतात, आणि डाग महिनोनमहिने राहतात. बरणी कचऱ्यात टाका.