ब्रेन हॅमरेजनंतर जीन टेस्ट करावी का?

रानवारा: बाबांना (वय ६३) मार्चमध्ये हॅमरेज झालं, बीपी वाढून. डावा हात अजून उचलत नाही. एका लॅबवाल्याने एपीओई आणि बीडीएनएफ या जीन्सची टेस्ट सुचवली, रिकव्हरी किती होणार ते कळेल म्हणे. शेजारच्या बेडवरचे काका दीड महिन्यात चालायला लागले, मग फरक जीन्सचाच ना? मला वाटतं करावी, निदान अंदाज तरी येईल.

पिंपळपान: नका करू दादा. एपीओईचे ई२, ई४ प्रकार मुख्यतः मेंदूच्या कडेच्या भागातल्या रक्तस्रावाशी जोडलेत, बीपीमुळे खोलवर होतो त्याच्याशी तेवढे नाहीत. आणि काकांचा रक्तस्राव कुठे, किती मिली होता माहितीये का? ३० मिलीच्या खाली की वर, वय, शुद्ध किती होती, याने खूप फरक पडतो आणि हे सगळं सीटी आणि केसपेपरवर आधीच आहे.

अभ्यासू७: एवढं झटकून टाकू नका हो. बीडीएनएफ जीनपासून मेंदूत एक प्रोटीन बनतं, त्यात ६६ व्या जागी व्हॅलिन या घटकाऐवजी मेथिओनिन असेल तर मेंदू वापरात असताना ते प्रोटीन कमी सुटतं, आणि मेंदूपेशींमधल्या नवीन जोडण्यांना त्याची मदत होते. आधी कळलं तर थेरपी वाढवता येईल की.

पिंपळपान: ती तशीही वाढवायचीच ना? हॅप्टोग्लोबिनचं बघा. सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मेंदूला जाळतं, त्याला पकडणारं हे प्रोटीन, त्याचा २-२ प्रकार ते काम कमी नीट करतो आणि भारतात बहुतेकांचा तोच आहे! मग रिपोर्टवर लाल अक्षरात आलं म्हणून बाबांबद्दल वेगळं काय कळलं?

अभ्यासू७: बरं, पण एपिजेनेटिक्स? जीन तोच, त्यावरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदलतात. उंदरांना चाकावर पळवलं तर हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणशक्तीच्या भागात बीडीएनएफच्या जीनवरच्या खुणा बदलल्या. म्हणजे नशीब फिक्स नाही, हे तरी मोजूया.

पिंपळपान: मोजणार कुठून, दंडातल्या रक्तातून? रक्तपेशींवरच्या खुणा म्हणजे मेंदूच्या नव्हेत. उंदीर पळाले म्हणून बदललं, टेस्ट केली म्हणून नाही. माझ्या आईच्या वेळी कुणीतरी "आता एवढंच" म्हणालं आणि आम्ही दोन महिने ढिले पडलो, खांदा असा आखडला की अजून केस विंचरता येत नाहीत. वाईट रिपोर्टने घरात हेच होतं.

रानवारा: टेस्टचं अजून पूर्ण पटलं नाही, पण थांबतो. ताई, खांद्यासाठी रोज किती वेळा करायचे व्यायाम? फिजिओ आठवड्यातून दोनदाच येतो.