दुसऱ्या हातातली सिटी, दोन इंच खाली बसवलेली: मूळ उंचीवर न्यावी की आहे तशीच नीट करून घ्यावी?

सिंहगडरोडवाला

2016 ची होंडा सिटी घेतली, पेट्रोल, दुसऱ्या हातातली. इंजिन गोड चालतं, बॉडीला कुठे गंज नाही, सर्व्हिसच्या पावत्या फायलीला लावलेल्या. आधीचा मालक हौशी होता. त्याने गाडी दोन इंच खाली बसवली, मूळ 15 इंची चाकं काढून 17 इंची अलॉय टाकले, टायर 205/45 (म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 45 टक्के). गाडी देखणी दिसते, त्याबद्दल तक्रार नाही.

पावसाळ्याआधी चाकं पुढची मागे करून घ्यायला टायरवाल्याकडे गेलो. त्याने पुढचं चाक उतरवून आतली कड माझ्याकडे फिरवली. बाहेरच्या बाजूला नक्षी चांगली पाच मिलिमीटर. आत मात्र दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गुळगुळीत, आणि एका जागी तारा उघड्या पडलेल्या. गाडी उभी असताना हे दिसत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून बघितलं तरच कळतं. या अवस्थेत मी द्रुतगती मार्गावर शंभरने गेलो असतो आणि टायर फुटला असता तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

दुसरा प्रश्न बसणीचा. धायरी फाट्यापासून घरापर्यंत रस्त्यात जितकी ड्रेनेजची झाकणं, तितके मागून धाडकन आवाज. आईला मणक्याचा त्रास आहे. ती आता या गाडीत बसतच नाही, रिक्षा करते.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या रस्त्यांसाठी कंपनीने 165 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, दिला, तो कमी करणं मुळातच चूक. कंपनीचे स्प्रिंग, कंपनीचे शॉकअप, कंपनीच्या मापाचे टायर, आणि विषय संपला. गॅरेजवाला मात्र म्हणतो, नुसती अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली की भागेल. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी कारणांसकट लिहा. खर्च मोठा आहे आणि एकदाच करायचा आहे.

उद्यमनगरी, कोल्हापूर

दादा, टायरचं खापर उंचीवर फोडू नका.

गाडी खाली आली की चाकाचा माथा आत झुकतो, हा निगेटिव्ह कॅम्बर. पण दीड-दोन अंशांचा कॅम्बर एकटा टायरला इतक्या लवकर तारेपर्यंत नेत नाही. नेतो तो टो. वरून बघितलं तर दोन्ही चाकं समांतर आहेत की त्यांची तोंडं आत-बाहेर वळलीत, तो टो. उंची बदलली की स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो आपोआप बिघडतो. एका चाकाचा टो अर्धा अंश चुकला तर दर किलोमीटरला ते चाक जवळजवळ 8.7 मीटर आडवं घासत जातं. साधी त्रिकोणमिती आहे, कुणीही मांडून बघावी. कॅम्बरने भार आतल्या कडेवर आणला आणि टोने तीच कड घासली, असं झालंय तुमचं.

खात्री करायची तर तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट जाताना नक्षीच्या कडा बोचल्या, तर टो गेलेला आहे.

उपाय आहे. सिटीचा पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडी, चाक धरणाऱ्या नकलला (knuckle) दोन बोल्टनी धरलेला असतो. त्यातला एक काढून कॅम्बर बोल्ट टाकला की एखादा अंश परत मिळतो. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, तिथे फिरवायला काही नाही. फार गरज पडली तर हब (चाक बसतं तो भाग) आणि बीमच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ चकती, टाकतात. अलाइनमेंट चारही चाकांची करा आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या. ‘पुढचं केलं, झालं’ म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

आमच्याकडे खाली बसवलेल्या गाड्या रोज येतात. सेटिंग बरोबर असेल तर टायर सरळ झिजतो, हे मी डोळ्यांनी बघतोय. म्हणून आधी सांगा, तुमची गाडी खाली आणलीय कशाने? कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) असतील तर अर्धा-पाऊण इंच वर घ्या आणि मजेत चालवा. चांगली वस्तू कुणाच्या सांगण्यावरून फेकून देऊ नका.

कोकणवाट

उद्यमनगरी, टोचा हिशेब मान्य. पण त्यांच्या आई रिक्षाने जाताहेत, त्याला टो काय करणार?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. त्यावरून खाली बसवलेली सिटीसुद्धा आरामात जाईल. आता तुमच्या गल्लीतला आठवा. उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी हातभर. पुढची चाकं पलीकडे उतरतात आणि गाडीचं पोट त्यावर टेकतं. 165 मधून दोन इंच गेले की उरले 114 मिलिमीटर, तेही गाडी रिकामी असताना. चार माणसं आणि डिकीत सामान भरून महाडच्या पुढे चला, मग बोलू. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला एक ठोकर बसली, ऑइल गेलं आणि ड्रायव्हरचं लक्ष नसलं, तर इंजिनाचा खर्च टायरच्या कितीतरी पट होतो.

आणि टायरच्या मापाकडे कुणीच बघत नाहीये. मूळ 175/65 आर 15 ची बाजूची भिंत 114 मिलिमीटर उंच. 205/45 आर 17 ची 92. खड्ड्याचा पहिला दणका टायरमधली हवा आणि ही भिंतच खाते. तिथेच 22 मिलिमीटर गेले. त्यावर हवा कमी ठेवली तर रिम वाकतो, जास्त ठेवली तर दणका थेट पाठीत. याच सिटीच्या व्हीएक्स या वरच्या प्रकाराला 185/55 आर 16 यायचे, ते बघा. व्यास जवळजवळ तोच, स्पीडोमीटरही खोटं बोलणार नाही.

सिंहगडरोडवाला

उद्यमनगरी, तुम्ही विचारलंत म्हणून गाडी जॅकवर घेऊन बघितली. विकताना ‘लोअरिंग स्प्रिंग’ असं सांगितलं होतं. मागचं चाक मोकळं लटकवलं तर स्प्रिंग हाताने गोल फिरते. वरचं टोक बघितलं तर कंपनीच्या स्प्रिंगसारखी नीट वळवलेली शेवटची वेढी नाहीच, ग्राइंडरने सरळ कापलेली आणि वरून काळा रंग मारलेला. पुढेही तेच. शॉकअप कंपनीचेच, एकावर तेलाचा ओघळ. बंप स्टॉप म्हणजे जो रबराचा ठोकळा असतो, तोही अर्धा कापलाय.

हे सगळं विकणाऱ्याला माहीत असणार, आणि त्याने सांगायला हवं होतं. गाडीत लहान मुलं बसतात.

लोअरआर्म

मग चर्चेची दिशाच बदलली. कापलेली स्प्रिंग काढलीच पाहिजे, यावर या धाग्यावर दोन मतं होऊ नयेत.

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या चालू वेढ्यांवर ठरतो. सहा वेढ्यांतून दीड कापली तर उरलेली स्प्रिंग आधीपेक्षा 33 टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला, त्याला ही उसळी आवरता येत नाही. शिवाय त्याची दांडी आता कायम अर्ध्याहून जास्त आत असते, वर जायला जागाच शिल्लक नाही. तुम्हाला जो धाडकन आवाज येतो तो बंप स्टॉपवर आपटण्याचा आहे. स्प्रिंग त्या क्षणी कामच करत नाही.

हे तपासायची साधी रीत आहे. शॉकअपच्या चकचकीत दांडीवर केबल टाय बसवा, पार खाली सरकवा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय जिथवर ढकलला गेला तिथवर शॉकअप आत गेला. तो बंप स्टॉपला चिकटलेला सापडला तर आणखी कुणाला विचारायची गरज नाही.

मोकळी फिरणारी स्प्रिंग त्याहून वाईट. चाक खोल खड्ड्यात पूर्ण खाली लटकलं की ती बैठकीतून सरकू शकते, आणि परत भार आला की वाकडी बसते. ही गाडी तोवर हायवेला नेऊ नका.

उद्यमनगरींना एक उलटं सांगायचंय. सिटीसारखी मॅकफर्सन स्ट्रटची गाडी फार खाली नेली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बाहेरच्या टोकाला वर चढतो आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे वळणावर कलायची प्रवृत्ती उलट वाढते आणि ती दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. ‘खाली म्हणजे स्थिर’ असं हौशी मंडळी म्हणतात, ते एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. कॅम्बर बोल्टने कॅम्बर सुधारेल, लोअर आर्मचा हा कोन सुधारणार नाही.

कागदपत्रे

कायद्याची बाजू कुणी काढली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतल्या तपशिलांची कंपनीच्या मूळ तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182अ आलं: परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पॉलिसी तुमच्या नावावर करताना हे बदल विमा कंपनीला कळवले का? अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो.

उद्यमनगरी, कोल्हापूर

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स कुठे लिहिलेला असतो? इंजिन, बॉडी, रंग बदलणं वेगळं आणि स्प्रिंग बदलणं वेगळं. दोन्हीला एकाच मापाने मोजू नका.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत स्प्रिंग बदलल्या तरी मंजुरीचा कागद असलेलीच वस्तू घ्यावी लागते. बहुतेक वेळा टीयूव्हीसारख्या संस्थेकडे गाडी दाखवून वाहनाच्या कागदांत तशी नोंद होते, आणि मग गाडी खाली असूनही निर्धास्त चालवता येते. हौस मारली जात नाही आणि स्प्रिंग कापणाऱ्याला वावही मिळत नाही. आपल्याकडे अशी खिडकी हवी, असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूर-पुण्यातल्या चांगल्या कारागिरांचाच त्यात फायदा आहे.

कोकणवाट

नोंदीची खिडकी उघडेल तेव्हा उघडेल. तोवर घरची गाडी मूळ उंचीवरच हवी. एकट्याने रविवारी लोणावळ्याला जायला दुसरी गाडी असेल तर तिला काय हवं ते करा.

उद्यमनगरी, कोल्हापूर

कापलेल्या स्प्रिंगची बाजू मी कधीच घेतली नाही आणि घेणार नाही. ते काम करणाऱ्यांमुळे आमचं नाव खराब होतं. पण चांगल्या कंपनीच्या, त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग, त्यांना जुळणारे शॉकअप आणि एक इंचाच्या आतली उतराई, हे आजही माझ्या मते योग्य आहे. घाटात गाडी हाताला जी बांधून राहते ते चालवल्याशिवाय कळत नाही.

सिंहगडरोडवाला

ठरलं. चारही स्प्रिंग आणि शॉकअप कंपनीचे नवे, सोबत बंप स्टॉप आणि वरचे माउंट. चाकं व्हीएक्सची 16 इंची, टायर 185/55. 17 इंची अलॉय विकतोय, रिम सरळ आहेत. कापलेल्या स्प्रिंग मात्र कुणालाही देणार नाही, भंगारवाल्यासमोर तुकडे करून घेणार. उद्यमनगरी, एक इंचाचं तुमचं म्हणणं आईला पटवू शकलो नाही, पण टोचा धडा कामाला येईल. अलाइनमेंटचे दोन्ही कागद इथे टाकतो.

लोअरआर्म

दोन गोष्टी मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट आधी ढिले करायला लावा आणि गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला लावा. जॅकवर लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, बसणी पुन्हा कडक लागते आणि बुश लवकर फाटतात. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी उरकू नका. स्प्रिंग बसायला काहीशे किलोमीटर द्या. तोवर टो अंदाजे सरळ करून हळू चालवा, मग मशीनवर घ्या. जुने टायर त्या कामचलाऊ दिवसांतही नकोत, तारा दिसल्या म्हणजे तो टायर संपला.